अनुभव धागा: कॉन्व्हेंटच्या चौथीत तुम्ही काय शिकलात?

पोवईनाका (धागाकर्ती)

लेक यंदा चौथीत आहे, साताऱ्यातल्याच एका कॉन्व्हेंटमध्ये. मी स्वतः कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. सिस्टर, असेंब्ली, फीस्ट डे हे सगळं मला तिच्याबरोबरच कळत गेलं. परवा घरी येऊन म्हणाली, "मम्मी, मॉरल सायन्सला मार्क नसतात, मग पी.टी. ऑफ होतं पण मॉरल सायन्स कधीच ऑफ का होत नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) हिशोबाने प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत, पण आपल्याकडे चौथी सुटली की अजूनही काहीतरी संपल्यासारखं वाटतं. सातारा-सांगलीकडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, शिकवलेल्या सगळ्यांनी लिहा. इंग्रजी सुधारलं हे सोडून लिहा, ते माहितीये. शाळांची नावं नकोत, उगाच भांडणं लागतात.

जुना बाकडा

आमची कॉन्व्हेंट मुळात मुलींची. मुलगे फक्त चौथीपर्यंत. १९८७ च्या एप्रिलात निकाल हातात दिला आणि आम्ही वीस-बावीस मुलगे कायमचे गेटबाहेर.

चौथीतली मोठी गोष्ट म्हणजे शाईचं पेन. तिसरीपर्यंत पेन्सिल, चाररेघी वहीत कर्सिव्ह. चौथीच्या दिवाळीनंतर पेन, तेही सिस्टरनी अक्षर बघून परवानगी दिली तरच. माझी परवानगी जानेवारीत आली. 'एफ' ची शेपटी खालच्या रेघेला टेकत नव्हती म्हणून. पहिल्याच दिवशी दप्तरात पेन गळलं आणि डब्यातली पोळी निळी झाली. ती मी खाल्ली.

पण खरी शाळा पाचवीत भरली. मराठी माध्यमाच्या हायस्कूलात घातलं. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे वर्ग एबीसीडी गिरवत होता आणि मी खिडकीतून अजिंक्यतारा बघत होतो. पुढचा तास गणिताचा. मास्तर जुन्या वळणाचे. "तेराची दिडकी?" म्हणजे दीडपट. अख्खा वर्ग एका सुरात, "साडेएकोणीस!" मला दिडकी म्हणजे नाणं वाटलं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला घोळ तर अजून निस्तरलेला नाही. मंडईत भाव विचारला की बायको पुढे होते.

निकालाच्या दिवशी सिस्टरनी प्रत्येक मुलाला स्वतःचा बाक घासून पुसायला लावला होता, पुढच्या वर्षी बसणाऱ्यासाठी. मी फटीतला खोडरबराचा चुराही टाचणीने काढला. जूनमध्ये तो बाक नेमका धाकट्या बहिणीला मिळाला. कर्कटकाने कोरलेलं माझं नाव मात्र तसंच होतं, हे ती अजून ऐकवते.

गोडोलीकर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आमच्या शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड. नाव लिहायचं काम वर्गातल्याच मुलांकडे. चौथीत मी मॉनिटर होतो. मधल्या सुट्टीत कोण काय बोलतंय ते कान देऊन ऐकायचं आणि वहीत टिपायचं. एका मुलीच्या गुडघ्याला खरचटलं, ती "आई गं" म्हणाली. मी तिचं नाव लिहिलं. इमानदारीत लिहिलं. मी काय शिकलो म्हणाल तर हे शिकलो.

ती वही भरली की कुणी वाचतही नव्हतं, हे नंतर कळलं.

श्रीरामपूरची भाची

धागाकर्तीच्या लेकीला सांगा, तो तास ऑफ होत नाही कारण त्याच वेळेला कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा तास असतो. निदान आमच्याकडे तरी तसंच होतं. एक बुडवला की दुसराही बुडतो. बेल झाली की पन्नासातून आम्ही सहा जण उठून लायब्ररीत जायचो, बाकीच्यांना मॉरल सायन्स. मागे राहिलेल्यांना वाटायचं की तिकडे आम्हाला केक मिळतो. आम्हाला वाटायचं की आम्ही गेलो की इकडे गोष्टी सांगतात. तिकडे दहा आज्ञा पाठ करणं चाललेलं असायचं आणि इकडे नखं कापण्यावर धडा.

साताऱ्यात आम्ही कॅथलिक मोजकेच. धर्मप्रांत पुण्याचा, त्यामुळे बिशप येणार म्हटलं की पंधरा दिवस आधी धांदल. आई नगर जिल्ह्यातली, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरला जाणारी. घरी प्रार्थना मराठीत, शाळेत त्याच इंग्रजीत. झोपेत मी दोन्हींची भेळ करायचे.

चौथीचं वर्ष आमच्यासाठी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं. खरं तर दहाव्या पायस पोपनी १९१० सालीच हे वय सातच्या आसपास आणून ठेवलंय, पण आमचे फादर म्हणायचे, पोरांना जरा कळू दे. मे महिन्यात सोहळा आणि त्याआधी आठवडाभर तालीम. तालमीतली ऑस्ती, म्हणजे ती पांढरी चकती, अजून आशीर्वाद न दिलेली असते. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. चव आइस्क्रीमच्या कोनाची, साखर वजा जाता. ती टाळूला चिकटते आणि बोटाने काढायची नाही अशी सक्त ताकीद. मी घरी पापडाचे तुकडे कापून जिभेने सोडवायचा सराव केला. पापड उडदाचा निघाला, तोंड पोळलं.

त्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. पापं आठवून लिहून काढा, सिस्टर म्हणाल्या. मी वही घेऊन बसले, काही आठवेना. नऊ वर्षांच्या पोरीची पापं ती किती? शेवटी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारलं. ती जोशी वाड्यातली, तिचा या सगळ्याशी संबंध नाही. तिने मन लावून विचार करून मला पाच पापं सुचवली. त्यातली दोन तिची स्वतःची होती.

निवृत्त बाई

मी सांगलीकडच्या एका कॉन्व्हेंटमध्ये तेवीस वर्षं चौथी शिकवली. आधी काही वर्षं साताऱ्यात. वरच्या ताईंचं बरोबर आहे, फक्त त्यात एक जोडते. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं २८ वं कलम. म्हणून दोन गट. नव्या पालकांना दर जूनमध्ये हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे असे, कारण माझ्या कपाळावर टिकली होती.

आता चौथीतलं खरं सांगते. बोर्ड राज्याचं. त्यामुळे शाळा कॉन्व्हेंट असो नाहीतर जिल्हा परिषदेची, महाराज सगळ्यांना चौथीच्या इतिहासातच भेटतात, 'शिवछत्रपती' या पुस्तकात. आमच्याकडे ते शिकवायला एक वर्ष केरळच्या सिस्टर होत्या. मी मनात म्हटलं, झालं आता. पण त्यांचा 'ळ' ऐकला आणि गप्प बसले. मल्याळममध्ये आपला ळ आहेच, शिवाय त्याच्या जवळचा आणखी एक आहे. आमची पोरं 'मावले', 'पन्हाला' म्हणणारी; सिस्टर फळ्याजवळ उभ्या राहून त्यांच्याकडून 'मावळे, पन्हाळा, काळोख' घोटून घ्यायच्या. लिंगाची मात्र वाट. "तलवार आला, घोडी पळाला." पोरं हसायची आणि सिस्टर त्यांच्यापेक्षा जास्त हसायच्या.

सहल प्रतापगडची. मेढ्यावरून केळघर घाट चढतानाच निम्मी गाडी आडवी. लिंबं, आवळासुपारी, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं संपलं. गडावर मी १० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंग सांगत होते आणि मागच्या रांगेत एकजण विचारत होता की डबा कधी उघडायचा. घोड्यावरचा पुतळा कुणी बसवला, असंही एकीने विचारलं. १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालं म्हटल्यावर तिला वाटलं महाराज आणि नेहरू भेटले होते. ते निस्तरायला परतीचा घाट लागला.

भवानीमातेच्या देवळात मी मुलांना घेऊन आत गेले. बाहेर आले तर सिस्टर पायरीवर बसलेल्या, पुढ्यात पन्नास जोड बूट रोलनंबरप्रमाणे लावलेले. मोजे ज्याच्या त्याच्या बुटात. माकडं येऊ नयेत म्हणून हातात छत्री.

स्कॉलरशिप चौथीला होती तोवर सकाळी सातला जादा तास असायचे. २०१६-१७ ला ती पाचवीत नेली, तेव्हा चौथी एकदम पोरकी झाल्यासारखी वाटली. मुलं खूश होती.

मळीवाला

सांगली. आमची शेती नदीकाठी, मळीची, म्हणजे गाळाच्या जमिनीची. चौथीत डिसेंबर लागला की मला फार भाव. नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी हिरवळ लागते, ती मुलांनी उगवायची, आणि माती माझ्याकडून. कृष्णेचा गाळ, पोत्यात भरून बाबा स्कूटरवरून आणून द्यायचे.

सिस्टर सांगत होत्या, ताटलीत माती पसरा, गहू रात्रभर भिजवून पेरा, रोज थोडं पाणी शिंपडा, नाताळपर्यंत वीतभर वाढतील. शेजारची मुलगी उठून म्हणाली, "सिस्टर, हे तर घट आहेत!" नवरात्रात घरोघर हेच करतात की. सिस्टर मंगळूरच्या, त्यांनी घट कधी जवळून पाहिले नव्हते. तिने मग पुढे येऊन सगळ्यांना शिकवलं. अंधारात झाकून ठेवले तर पिवळे आणि उंच होतात, उजेडात हिरवे आणि बुटके. अर्ध्या ताटल्या झाकल्या, अर्ध्या उघड्या ठेवल्या. त्या वर्षी बेथलेहेममध्ये दोन रंगांचं गवत होतं आणि मेंढ्या पिवळ्यात उभ्या होत्या, कारण तिथे त्या उठून दिसत होत्या. जोसेफच्या पायाशी कुणीतरी बैलपोळ्याचा मातीचा बैलही ठेवला. तो कुणी काढला नाही.

आयर्विनच्या पलीकडे

माझा मुलगा २०१९ ला चौथीत. ऑगस्टच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजला गेला. वह्या-पुस्तकं लगदा. पुस्तकं पुन्हा मिळाली, जूनपासूनचं लिखाण कुठून आणणार? शाळा सुरू झाल्यावर टीचरनी वर्गात चिठ्ठ्या काढल्या. अशी नऊ मुलं होती. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याने एका मुलाची एका विषयाची वही उतरवून द्यायची. झेरॉक्स चालणार नाही, हातानेच.

मुलाची ईव्हीएसची (परिसर अभ्यासाची) वही ज्याने उतरवली त्याने स्वतःच्या चुकाही जशाच्या तशा उतरवल्या, वर टीचरची लाल दुरुस्तीसुद्धा लाल पेनाने. ती वही आम्ही ठेवली आहे. आता कपाटाच्या वरच्या फळीवर.

कंदी

लॉकडाउनची चौथी. मोबाइलवर. काय शिकले? म्यूट.

पोवईनाका (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. लेकीला तासाचं कोडं सुटल्याचं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न, तिच्या वर्गातली कॅथलिक मुलं उठून जातात तेव्हा त्यांचे डबे बाकात तसेच राहतात, ते खरंच कुणी खात नाही का. मी म्हटलं विचारते.

गोडोलीकर, तुमचं वाचून गप्प झाले. ती मुलगी नंतर भेटली का?

गोडोलीकर

नाही. भेटली तर रुपया देईन.

जुना बाकडा

श्रीरामपूरच्या भाचीताई, ती दोन पापं कुठली ते सांगितलंच नाही तुम्ही.

श्रीरामपूरची भाची

माझी असती तर सांगितली असती. मैत्रीण आता पुण्यात असते, तिला धाग्याची लिंक पाठवली आहे.

जोशीवाडा

आले. एक, वर्गातल्या गोठ्यातली मेंढी मी घरी नेली होती. दुसरं कॅथलिक मुलांच्या डब्यांबद्दल आहे, तेव्हा ते धागाकर्तीच्या लेकीला कळू नये.