आधी माफी की आधी जेवण?

दादा, तुम्ही लिहिलंत, ‘मुलाने आधी माफी मागावी, मगच मी बोलेन.’ तुमचं दुखणं कळतं. पण बायबलात लूकच्या 15व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला बाप पुन्हा एकदा बघा. धाकटा मुलगा वाटणी घेऊन गेला, सगळं उधळून बसला आणि आता घरी परत येतोय. मुलगा अजून लांब असतानाच तो धावत सुटतो. ‘मला मजुरासारखं ठेवा’ हे मुलाने मनात जुळवून आणलेलं वाक्य शेवटी बोलायचं राहूनच जातं.

मला हे कळलं ते कोल्हापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात. सासूबाईंशी मी तीन दिवस अबोला धरला होता. चूक माझीच होती. रविवारी उपासनेहून उशिरा आले, तर ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं. वाटीत पांढरा रस्सा, फडक्यात गुंडाळलेली भाकरी, अजून ऊन. ‘जेव आधी,’ एवढंच म्हणाल्या. घास उतरेना. माफी मागितली मी, पण जेवल्यावर.

खरं सांगते, देण्यापेक्षा घेणं जड जातं. त्या गोष्टीतला थोरला मुलगा तिथेच अडला; परतलेल्या भावासाठी मेजवानी दिली म्हणून रागावून तो घरात येईना. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, पण तो आत गेला का, हे येशूने सांगितलेलंच नाही. दर वेळी मी त्या उंबऱ्याशी थांबते.

आज मुलाला फोन करा ना दादा. ‘जेवलास का?’ एवढंच विचारा.