अल्सातील यूज-आफ्टर-फ्री दोष: कर्नल अद्ययावत केले, तरी शेरा कायम

प्रश्न – पेठेतला_प्रशासक

नमस्कार. सदाशिव पेठेतील एका ध्वनिमुद्रण संस्थेत मी संगणक सांभाळतो. लिनक्सच्या १८ यंत्रांवर बोलक्या पुस्तकांचे संपादन चालते, त्यामुळे आवाजाची मॉड्यूल्सच बंद करणे आम्हाला शक्य नाही. परवाच्या सुरक्षा-तपासणीत सर्व यंत्रांपुढे सीव्हीई-२०२३-०२६६ (‘अल्सा’ या लिनक्सच्या ध्वनियंत्रणेतील एका दोषाचा जाहीर नोंदक्रमांक) हा शेरा आला आहे. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, पॅकेज मी स्वतः अद्ययावत केले होते आणि खबरदारी म्हणून संपादकांना ध्वनि-उपकरणांची परवानगी देणाऱ्या ‘ऑडिओ’ गटातूनही वगळले होते. तरीही प्रत्येकाला आवाज व्यवस्थित येतो, हे कसे? हा दोष कितपत गंभीर मानावा?

उत्तर – कोथरूडकर

गंभीरच मानावा. ६४-बिट कर्नलवर ३२-बिट प्रोग्रॅम चालावेत म्हणून अल्सामध्ये एक वेगळी वाट ठेवलेली आहे. मिक्सरच्या एखाद्या कंट्रोलचे मूल्य या वाटेने वाचताना किंवा लिहिताना जे लॉक (इतरांना तेवढ्यापुरते थोपवणारे कुलूप) घ्यायला हवे, ते घेतलेच जात नव्हते. त्यामुळे एक थ्रेड (प्रोग्रॅममधील कामाचा एक धागा) तो कंट्रोल वापरत असतानाच दुसऱ्याला तो काढून त्याची मेमरी मोकळी करता येई, आणि पहिला थ्रेड त्या जागेवर, जिथे एव्हाना हल्लेखोराने स्वतःचा डेटा आणून बसवलेला असू शकतो, तसाच काम करत राही. हाच यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरण्याचा दोष. दुरुस्ती करताना ते लॉक ३२-बिट व ६४-बिट अशा दोन्ही वाटांना सामाईक असलेल्या फंक्शनच्या आतच नेले गेले.

नेटवर्कवरून परस्पर हा दोष वापरता येत नाही, यंत्रावर प्रोग्रॅम चालवता यावा लागतो. मात्र तेवढे जमले की साध्या खात्यावरून थेट कर्नलचे अधिकार मिळू शकतात. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांच्या यादीत अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर-सुरक्षा संस्थेने मार्च २०२३ मध्येच त्याची नोंद केली आहे.

आता आपल्या यंत्रांविषयी. पॅकेज बसले म्हणजे नवे कर्नल चालू झाले असे नव्हे. प्रत्येक यंत्रावर, चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘युनेम -आर’ ही आज्ञा चालवून पाहावी आणि तो आकडा बसवलेल्या पॅकेजशी ताडून पाहावा. दुसरी बाब अशी की डेबियन, उबुंटू, रेड हॅट यांसारखी वितरणे मूळ आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून नव्या कर्नलमधील दुरुस्ती जुन्यात आणून बसवतात. केवळ क्रमांक पाहणारे स्कॅनर तिथे हकनाक शेरा मारतात. अशा वेळी वितरणाच्या सुरक्षा-सूचीतील किंवा पॅकेजच्या चेंजलॉगमधील (बदलांच्या नोंदवहीतील) नोंद हाच पुरावा धरावा.

उत्तर – रात्रपाळी

आवाज का येतो, त्याचे उत्तर फाइलच्या परवानग्या दाखवणाऱ्या ‘गेटफॅसल’ या आज्ञेत मिळेल. ध्वनि-उपकरणांच्या ‘/डेव्ह/एसएनडी’मधील एखाद्या फाइलवर ती चालवल्यास गटाच्या ओळीबरोबरच, समोर बसलेल्या वापरकर्त्याच्या नावाची एक स्वतंत्र ओळ दिसेल. ही परवानगी सिस्टिमडीचे लॉगिनडी (लॉगिन सत्रे सांभाळणारी सेवा) देते आणि सत्र संपले की काढून घेते. तरीही गटातून वगळले ते योग्यच झाले, कारण त्यामुळे एसएसएचने, म्हणजे दुरून, येणाऱ्यांची वाट बंद होते. खुर्चीतल्या माणसाची मात्र होत नाही.

मिडी (संगणक आणि वाद्ये जोडण्याची पद्धत) वापरत नसाल तर ‘एसएनडी_सेक’ मॉड्यूल अवश्य बंद करावे. २०१७ साली त्यातही याच जातीचा दोष सापडला होता. त्यासाठी मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये नुसती ‘ब्लॅकलिस्ट’ची ओळ पुरत नाही, कारण तरीही कोणी नाव घेऊन मागितल्यास मॉड्यूल चढते. ‘इन्स्टॉल’ची ओळ लिहून तिच्यापुढे ‘/बिन/फॉल्स’ द्यावे.

प्रश्नकर्ता – पेठेतला_प्रशासक

आभारी आहे. १८ पैकी ११ यंत्रांवर जुनेच कर्नल चालू होते. आमचे संपादक संध्याकाळी यंत्र बंद न करता झोपवून जातात, आणि सकाळी तेच कर्नल पुन्हा जागे होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. उरलेल्या सातांच्या चेंजलॉगमध्ये दुरुस्तीची नोंद सापडली. आमच्याकडे एक जुना एमबॉक्सही (यूएसबीने जोडायचे ध्वनिमुद्रण-उपकरण) आहे, त्याचे काही करावे लागेल का?

उत्तर – कोथरूडकर

आपला एमबॉक्स निर्दोष आहे. त्याच्या नावाशी जोडलेला सीव्हीई-२०२४-५३१९७ हा दोष यूएसबी-ऑडिओच्या ड्रायव्हरमध्ये आहे: एमबॉक्स किंवा एक्स्टिजी (दुसरे एक यूएसबी ध्वनि-उपकरण) असल्याची बतावणी करणारे उपकरण आपल्या कॉन्फिगरेशनची संख्या मागाहून वाढवून सांगते, आणि कर्नल आधी राखलेल्या मेमरीच्या पलीकडे जाते. म्हणजे खरा एमबॉक्स कपाटात ठेवला तरी तोतया उपकरण लावता येतेच. ११ यंत्रे रीबूट कराल तेव्हा चालू होणाऱ्या कर्नलमध्ये या क्रमांकाची दुरुस्तीही आहे ना, हे पाहून घ्यावे, आणि मुद्रणकक्षातील यंत्रांवर यूएसबी उपकरणांवर पहारा ठेवणारे यूएसबीगार्ड बसवून आपल्या ओळखीच्या उपकरणांनाच मुभा द्यावी.