शोषणाचा आकडा आणि गालिच्यावरची सफाई
हूवर कंपनीच्या जुन्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचे निर्वात-मापकावरचे (शोषणाचा जोर मोजणाऱ्या उपकरणावरचे) आकडे इलेक्ट्रोलक्स कंपनीच्या आडव्या यंत्रापेक्षा फारच कमी आले, म्हणून हूवर दुबळा, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून घेतलेले हे माप हवा वाहत नसतानाचे असते. गालिच्यातली रेती मात्र वाहती हवाच उचलते, आणि १९२६च्या हूवर ७०० पासून तर त्या हवेच्या जोडीला गालिचा ठोकणाऱ्या धातूच्या पट्ट्याही फिरत्या रुळावर आल्या. त्यापेक्षा वजन केलेली बारीक वाळू गालिच्यात घोळवावी आणि यंत्र फिरवल्यावर पिशवीचे वजन किती वाढले ते पाहावे. अर्थात त्याआधी कापडी पिशवी नीट झटकलेली हवी आणि रूळ फिरवणारा रबरी पट्टा नवा हवा, कारण पट्टा ढिला असला की रूळ गालिच्यावर टेकताच मंदावतो.