मदत हवी आहे: सुरतला कामाला गेलेल्या मुलांशी पावित्र्याबद्दल कसं बोलावं?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. नवापूर तालुक्यात आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ मी पाहतो. बरीच मुलं सुरतला कामाला असतात, नाताळाला आणि लग्नसराईत घरी येतात. परवा त्यातला एक उपासनेनंतर थांबला. म्हणाला, "दादा, रात्री खोलीत सगळे मोबाइलवर घाण व्हिडिओ बघतात. मी उठून कुठे जाऊ?"

बायबलात १ करिंथ ६:१८ मध्ये प्रेषित पौल जारकर्मापासून, म्हणजे लैंगिक पापापासून, पळ काढायला सांगतो, आणि पुढच्याच वचनात शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे म्हणतो. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफही, त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या, त्याच्या धन्याच्या म्हणजे पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र टाकून पळाला. पण या पोराला झोपायला तीच एक खोली आहे! मी त्याच्यासोबत प्रार्थना केली, स्तोत्र ११९:९-११ वाचलं. वचन हृदयात जपून ठेव, म्हटलं. तेवढ्याने भागणार नाही हे मला कळतं.

आपल्याकडे पावित्र्य म्हटलं की मुलींच्या कपड्यांवर बोलतात, मुलांना कुणी काही विचारत नाही. हे मला फार खटकतं. जारकर्मापासून दूर राहा असं सांगणारं १ थेस्सलनीका ४:३-५ सगळ्यांसाठीच लिहिलंय ना?

तर विचारायचं असं, की दूर असलेल्या मुलांशी दर आठवड्याला फोनवर मोकळेपणी बोलणं, एकमेकांना जाब देणं, असं कुणी चालवतं का? मुलं लाजून खोटं बोलू नयेत म्हणून काय करता? आणि सुरतच्या उधना-पांडेसरा भागात मराठीतून उपासना होत असेल तर कृपया कळवा, तो पुढच्या आठवड्यात परत जातोय.