स्ट्रीमिंग सेवांवर नव्या पिढीचे ख्यालगायक कसे शोधावेत?

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकची, वय ६१. आकाशवाणीच्या संगीत सभांवर आणि नंतर कॅसेटांवर माझा कान घडला, त्यामुळे भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर आणि कुमार गंधर्व यांच्यापलीकडे माझे ऐकणे फारसे गेले नाही. गेल्या वर्षी मुलीने एका स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी भरून दिली, तेव्हा आज ऐन उमेदीत असलेले ख्यालगायक घरबसल्या ऐकायला मिळतील, या कल्पनेने मला मनापासून आनंद झाला होता. प्रत्यक्षात ती सेवा पुन्हा पुन्हा तीच दिग्गज नावे सुचवते आणि मध्येच ध्यानधारणेसाठीची बासरी लावते. त्यातच नातू माझाच मोबाइल वापरत असल्याने यमन संपतो न संपतो तोच बडबडगीत सुरू होते. नवे गायक शोधण्याची आपली काही पद्धत असल्यास कृपया सविस्तर सांगावी.

मध्यलय
शिफारशी कशा तयार होतात, हे कळले की त्रास निम्मा कमी होतो. अमुक गायक ऐकणाऱ्यांनी आणखी कोणाला ऐकले, यावर बहुतेक सेवांचा मुख्य भर असतो. ज्या गायिकेला अजून थोडेच श्रोते लाभले आहेत, तिच्यापर्यंत जाणारी वाट अशा हिशेबात उमटतच नाही, आणि भीमसेनजींकडून निघालेला श्रोता किशोरीताईंकडे जाऊन परत येतो. दुसरे कारण लांबीचे आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. म्हणजे चाळीस मिनिटांचा बडा ख्याल (रागाची संथ लयीतली दीर्घ मांडणी) आणि तीन मिनिटांचा अभंग यांची मोजणी सारखीच होते, शिवाय २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १००० श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मानधनच मिळत नाही. अशा व्यवस्थेत विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल मागे पडतो, याचे मला फार वाईट वाटते.

नातवाच्या गाण्यांसाठी वेगळे खाते उघडावे हे उत्तम. ते शक्य नसेल, तर त्याच्या गाण्यांची यादी आपल्या आवडीच्या नोंदीतून वगळण्याची सोय काही सेवांमध्ये असते, ती वापरावी. त्यानंतर फक्त ख्यालांची, दहा-बारा ध्वनिमुद्रणांची एक यादी स्वतः करावी आणि त्या यादीखाली येणाऱ्या सूचना पाहाव्यात. मुखपृष्ठावरील सूचनांपेक्षा त्या मला नेहमीच अधिक नेमक्या वाटल्या आहेत.

तिलवाडा
मी पुण्यात गाणे शिकते. यंत्राच्या शिफारशींपेक्षा गुरुपरंपरेचा धागा धरून गेल्यास अधिक हाती लागते, असा माझा अनुभव आहे. उदाहरणार्थ, उल्हास कशाळकर यांचे गाणे आपल्याला आवडत असेल, तर त्यांनी कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत घडवलेले ओंकार दादरकर किंवा गोव्यात वास्तव्य असलेले शशांक मक्तेदार यांची नावे शोधावीत. कुमारजींच्या गाण्यावर आपले प्रेम आहेच, तेव्हा त्यांचे नातू भुवनेश कोमकली यांना अवश्य ऐकावे. एकेका शिष्यापासून गुरुबंधू, गुरुभगिनी आणि पुढचे विद्यार्थी अशी साखळी मिळत जाते.

साथीदारांची नावे हा दुसरा धागा आहे, आणि मला तो जास्त प्रिय आहे. जाणकार तबलावादक किंवा संवादिनीवादक ज्यांच्या साथीला बसतात, ते तरुण गायक बहुधा निराश करत नाहीत. दुर्दैवाने अनेक सेवांवर मुख्य कलाकाराचेच नाव दिसते. यूट्यूबवर मात्र व्हिडिओखालच्या मजकुरात राग, ताल आणि साथसंगत लिहिलेली सापडते. म्हणून मी नाव तिथे शोधते आणि मग त्या गायकाचे इतर गाणे स्ट्रीमिंगवर ऐकते. शोधताना रोमन लिपीतील स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे, कारण एकाच रागाच्या मालकंस आणि मालकौंस या दोन्ही नावांनी वेगवेगळी ध्वनिमुद्रणे निघतात. रागाच्या नावापुढे ‘विलंबित’ हा शब्द जोडल्यास सुगम रचना बऱ्याच गळून पडतात.

भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची कलाकारांची यादी जाहीर झाली की आपल्याला अपरिचित असलेली नावे वहीत उतरवावीत. माझी अशी वही आता तिसरी आहे.

टेम्सतीर
वरील मताशी मी सहमत आहे. दरबार हा भारतीय शास्त्रीय संगीताचा महोत्सव २००६ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर येथे सुरू झाला आणि पुढे लंडनला आला. त्याच्या यूट्यूब वाहिनीवर तरुण कलाकारांचे चित्रीकरण अतिशय निगुतीने केलेले आहे. एक विनंती अशी की, कोणी आवडल्यास त्यांचे ध्वनिमुद्रण बँडकँपसारख्या, कलाकार आपले संगीत थेट विकतात अशा संकेतस्थळावर उपलब्ध आहे का, ते पाहून विकत घ्यावे. तिथे ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते.

गोदाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नातवाचे खाते वेगळे केले. काल एका तबलजींच्या नावावरून शोधत गेले आणि कधी नावही न ऐकलेल्या एका गायिकेचा पूरिया धनाश्री सापडला. पंचमावर (‘प’ या स्वरावर) यायला तिने इतका वेळ घेतला की दिवा लावायचे राहून गेले. तिच्या गुरूंचे नाव कुठेही दिलेले नाही. तिलवाडाताई, ते कसे शोधावे?