३० चेंडू, ३० धावा: बार्बाडोसच्या फायनलची शेवटची पाच षटकं पोरांकडून कशी घोटवून घ्यावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. २९ जून २०२४ ची टी-२० विश्वचषकाची फायनल कितीही वेळा बघा, आफ्रिकेचा क्लासेन खेळत असताना छातीत धडधडतंच. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, सहा गडी हातात होते, आणि तरी आपण ७ धावांनी जिंकलो. पोरांच्या लेखी मात्र ती फायनल म्हणजे सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला मिलरचा झेल, बस. इकडे नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलनीतली १४-१५ वर्षांची पोरं सीझन बॉलने खेळतात. त्यांना या पाच षटकांवरून शेवटची गोलंदाजी आणि सीमारेषेवरचा झेल शिकवायचा आहे. सामना नेमका फिरला कुठे, आणि मैदानात सराव कसा लावायचा?

स्कोअरवही:
भाऊ, झेलाच्या आधी पोरांना हिशेब लिहायला लावा. १५व्या षटकात अक्षरला २४ पडल्या, धावफलक ४ बाद १४७. मग बुमराहच्या १६व्यात ४. हार्दिकच्या १७व्यात पहिल्याच चेंडूवर क्लासेन गेला आणि धावा फक्त ४. बुमराहच्या १८व्यात २ आणि यान्सन त्रिफळाचीत. अर्शदीपच्या १९व्यात ४. २०व्याच्या पहिल्या चेंडूवर मिलरने सूर्याकडे गेलेला तो फटका मारला तेव्हा ६ चेंडूंत १६ हव्या होत्या. षटकामागे लागणारी गती ६ वरून ६.५, ७.३३, १० आणि शेवटी १६ झाली.

सामना फिरला तो १६व्यात, यावर मी ठाम आहे. रोहितकडे बुमराहची दोनच षटकं उरली होती. गल्लीपासून क्लबापर्यंत कोणताही कर्णधार ती १८ आणि २० साठी दाबून ठेवतो. रोहितने तसं केलं असतं तर २०वं षटक बघायलाच मिळालं नसतं. क्लासेन बाद झाला तेव्हा त्याच्या २७ चेंडूंत ५२ होत्या, यावरून अंदाज करा.

सराव असा लावा: ३० चेंडू, ३० धावा, सहा गडी. सगळ्यात चांगल्या गोलंदाजाला दोन षटकं, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. एकदा चांगल्याला १६ आणि १८ द्या, पुढच्या वेळी १८ आणि २०. प्रत्येक चेंडूनंतर कोणीतरी मोठ्याने उरलेल्या धावा आणि चेंडू सांगायचे. दडपण त्या आकड्यांनीच येतं.

आणि अक्षरला खलनायक करू नका. ३ बाद ३४ वरून ३१ चेंडूंत ४७ त्याच्याच होत्या, कोहलीसोबत ७२ ची भागीदारी. त्या खेळपट्टीवर त्या दिवशी आपल्या फिरकीला मारच बसला: तिघा फिरकीपटूंच्या ९ षटकांत १०६, आणि बुमराह, अर्शदीप, हार्दिकच्या ११ षटकांत ५८ धावा, ७ बळी.

सीझनबॉल:
१६वं षटक मान्य, पण क्लासेन त्यानंतरही उभा होता. तो गेला हार्दिकच्या संथ, ऑफस्टंपच्या बऱ्याच बाहेरच्या चेंडूवर. बॅट ताणली, कड लागली, यष्टीमागे पंतने पकडला. त्याआधी पंतच्या गुडघ्याला पट्टी बांधेपर्यंत खेळ थांबला होता, लय तुटली होती. शिकवायचा चेंडू तो.

मधल्या यष्टीपासून ऑफला ८९ सेंमीवर वाइडची रेघ चुन्याने आखा. पॉपिंग क्रीज, म्हणजे फलंदाजासमोरची रेघ, यष्ट्यांपासून १.२२ मीटर. वाइडच्या रेघेच्या आत वीतभर जागा सोडून क्रीजवर जुना बूट ठेवा, तो वाइड यॉर्करचा, म्हणजे ऑफच्या बाहेर थेट क्रीजवर टप्पा पडणाऱ्या चेंडूचा, नेम. संथ चेंडूसाठी उजव्या हाताच्या गोलंदाजाने दोन बोटं शिवणीवर ठेवायची, आणि सोडताना चेंडूच्या उजव्या कडेवरून खाली ओढायची. पोरं हमखास चुकतात ती इथे: चेंडू संथ टाकायचा म्हणून हातच संथ करतात किंवा धाव अडखळते, आणि फलंदाजाला आधीच कळतं. धाव, उडी, हाताचा वेग सगळं तेच हवं, फरक फक्त बोटांत. समोर एकाला उभं करून हात खाली येण्याआधी "संथ" की "जलद" ओरडायला लावा. तो ओळखू लागला तर चेंडू अजून सामन्यात टाकण्याजोगा नाही.

या माऱ्याला उजव्या फलंदाजासाठी सीमारेषेवरचे पाच असे: ऑफला डीप थर्ड, डीप पॉइंट, स्वीपर कव्हर, लाँगऑफ आणि लेगला डीप मिडविकेट. मग मात्र लेगस्टंपवर एकही चेंडू पडता कामा नये, तिकडे राखायला एकटाच आहे. यॉर्कर सलग दोन षटकांच्या वर नको, वाढत्या वयात कंबर आणि पाठ धरते.

लाँगऑफ:
झेलाचं मी सांगतो. मिलरला पडलेला हार्दिकचा तो चेंडू खरं तर चांगला नव्हता, बाहेरचा, टप्पा न पडता आलेला खालचा फुलटॉस होता. म्हणून क्षेत्ररक्षणाला इतकं महत्त्व.

सुताची दोरी टाका, आधी टेनिस बॉल. पोराला दोरीपासून तीन-चार पावलं आत उभं करा आणि प्रत्येक चेंडूआधी मान वळवून दोरी बघायची सवय लावा. धावत येऊन पकडायचा, तोल बाहेर चाललाय असं वाटताच चेंडू सरळ वर, डोक्याच्या दीडएक हात वर आणि थोडा आत सोडायचा, बाहेर जायचं, दोन्ही पाय आत आणून पुन्हा पकडायचा. चुका दोनच होतात. घाबरून चेंडू खाली सोडतात, मग परतायला वेळच उरत नाही. नाहीतर मागे फेकतात, आणि चेंडू स्वतःच दोरीपलीकडे पडतो.

नियम पाठ हवा: हात चेंडूला लागलेला असताना अंगाचा कोणताही भाग दोरीला किंवा पलीकडच्या जमिनीला टेकला की षटकार. बाहेरून हवेत उडून चेंडू पुन्हा पुन्हा टोलवायची मुभा २०२५ मध्ये आवळली गेली. आता बाहेरून उडालात तर एकदाच हात लावायचा आणि आतच उतरायचं. सूर्याने दुसऱ्यांदा पकडला तो आत परतून, त्यामुळे तो दोन्ही नियमांत बसतो.

गोदाकाठ:
मनापासून आभार. आता पाऊस सुरू झालाय, मैदान ओलं. थांबू का?

सीझनबॉल:
हिशेबाचा खेळ आणि वाइड यॉर्कर चालू ठेवा, धाव पाच-सहा पावलांची करा. पळत पकडायचे झेल मात्र ऊन पडेपर्यंत नको, ओल्या गवतावर पाय घसरला की घोटा गेला. हिवाळ्यात सकाळच्या दवात नाशिकला चेंडू ओलाच असतो, तेव्हा ओल्या चेंडूची सवय आत्ताच लागेल. दोन जुने चेंडू बादलीत बुडवून फडक्याने पुसून द्या. बोटं सरकतात म्हणून संथ चेंडू वळत नाही, आणि तो हातातून लवकर सुटतो म्हणून फुलटॉस वाढतात. म्हणून नेमाचा बूट क्रीजपासून वीतभर अलीकडे, गोलंदाजाच्या बाजूला सरकवा.