मदत हवी आहे : आश्विनातला दिनविशेष फलक

वाचनालयाच्या दारातला फळा ३ बाय ४ फुटांचा, म्हणजे जेमतेम ५०-६० शब्द.

तारखेचं सोपं आहे. १० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीस (जन्म १९१०, सोलापूर) ठरलेलेच. त्याच दिवशीचा जागतिक मानसिक आरोग्य दिन खाली एका ओळीत. १५ला वाचन प्रेरणा दिन. शिवाय १५८२ मध्ये नवीन (ग्रेगोरियन) कॅलेंडर आलं तेव्हा रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ उजाडली, हे मुलांना फार आवडतं.

अडतं ते तिथीला. फळ्यावर सूर्योदयाची तिथी लिहितो, पण कोजागरीला मध्यरात्रीची पौर्णिमा धरतात. पौर्णिमा संध्याकाळी लागली की सकाळी फळ्यावर चतुर्दशी आणि रात्री गच्चीवर दूध! दाते पंचांग आपल्याच सोलापूरचं, त्यात दिवस नेमका मिळतो. पण दोन्ही गोष्टी एका ओळीत कशा मांडाव्यात? 'चतुर्दशी, संध्याकाळनंतर पौर्णिमा' एवढं पुरेल, की वेळही द्यावी? या पौर्णिमेसाठी तुळजापूरला पायी निघणारेही हा फळा वाचतात, त्यामुळे घोळ नको.

दुसरं, रंगीत खडू साखरपाण्यात भिजवले की अक्षर ठसठशीत येतं, पण कोरड्या डस्टरने निघत नाही, ओल्या फडक्याने पांढुरके ओघळ राहतात. साखर किती घ्यावी?